तुळजाबाईच्या खानावळीतला जपानी

जालन्याच्या मस्तगडात तुळजाबाईची खानावळ होती. तिथं पानावर बसलेल्या माणसानं जेवायचं आणि उठायचं, एवढंच तिला मान्य होतं. गप्पा मारत बसलेलं कुणी दिसलं की ती हातात पळी घेऊनच स्वयंपाकघरातून बाहेर यायची. "बोलायचंय तर घरी जावा. इतं मागं धा माणसं उभी हायेत." माणसं मुकाट्यानं शेवटचा घास तोंडात कोंबून हात धुवायला पळायची. तरी दुसऱ्या दिवशी तीच माणसं परत यायची, कारण तिच्यासारखा मटणाचा रस्सा अन् तसली पातळ, पदर सुटलेली ज्वारीची भाकर गाडीवानाला दुसरीकडं मिळत नव्हती.

ती मूळची कुंभार पिंपळगावची. नवरा कचरू मानमोडीच्या साथीत तीन दिवसांत गेला, पोटी मूल नव्हतं. दिराच्या घरात दोन वर्षं तिनं दळण-कांडण केलं, जावेची बोलणी ऐकली, आणि एका सकाळी काटवट, तवा आणि पितळेचं एक पातेलं घेऊन ती सरकीच्या गाडीत बसून जालन्याला आली. आधी कापसाच्या जिनातल्या हमालांना भाकरी थापून दिल्या. मग मस्तगडात पत्र्याची दोन खणांची जागा घेतली. भाकरीला सगुणाबाई नावाची एक म्हातारी मदतीला आली ती तिथंच राहिली. वीस वर्षांत तुळजाबाईचा आवाज मोठा झाला, अंग भरलं, आणि माणसांवरचा भरवसा होता त्याहून कमी झाला. चिडणं हा तिचा रोजचा व्यवहारच होता. कोळसा ओला आला म्हणून ती चिडे, वाळला आला तर इतका उशीर का म्हणून चिडे.

अशा बाईच्या दारात नरहर कारकुनांनी एका सुगीत जपानी माणूस आणून उभा केला.

नरहरराव कापसाच्या जिनात लिहिण्याचं काम करत. त्यांना इंग्रजी येई, म्हणून परक्या साहेबांची उठबस त्यांच्या गळ्यात पडे. त्या वर्षी एका जपानी कंपनीनं गाठी पारखायला मोरिता नावाचा माणूस धाडला होता. चाळिशीचा, बुटका, गोल चष्मा. जिनाच्या बंगल्यावरचा खानसामा त्याला रोज तिखटजाळ सालन करून घाली, आणि महिन्याभरात मोरिताची पाटलोण दोरीनं बांधायची वेळ आली होती.

"तुळजाबाई, यांच्या पोटात काही टिकत नाही हो," नरहरराव ओट्यावरूनच म्हणाले. ते स्वतः बाहेरचं खात नसत, त्यामुळं आत येत नसत. "तुम्ही काहीतरी साधं करून घाला."

"माझ्याकडं साधंच असतंय. बसा म्हणावं."

मोरितानं बूट काढले, ते भिंतीशी जोडीनं नीट लावले, रांजणातलं पाणी घेऊन पाय धुतले आणि तो पाटावर बसला. इथवर तुळजाबाईला काही म्हणायला जागा नव्हती. मग त्यानं रश्श्याचा एक घास घेतला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून आलं, उचकी लागली. दोन तांबे पाणी पिऊन तो उठला आणि तुळजाबाईसमोर कमरेत वाकून त्यानं डोकं गुडघ्यापर्यंत नेलं.

"ह्ये काय करून राह्यलाय?" तुळजाबाई दोन पावलं मागं सरकली.

"आभार मानतायत."

"खाल्लं न्हाई अन् आभार कशाचे? भरलं ताट सोडून उठला की हो ह्यो!"

दुसऱ्या दिवशी तो परत आला. या खेपेला बरोबर नरहरराव होते आणि हातात कागदात बांधलेली कोंबडी. मोरिताला मोडकी हिंदुस्थानी येत होती. तो म्हणाला, "बाई, मैं पकाता. आप देखो."

माझ्या चुलीला दुसऱ्याचा हात लागणार नाही, असं तुळजाबाईनं एका दमात सांगितलं. त्यानं मान डोलावली, वाकला, आणि तिथंच उभा राहिला. ती आत गेली, चार पंगती उठल्या, बाहेर आली तरी तो उभाच. शेवटी तिनं मागच्या अंगणातली लोखंडी शेगडी पायानं त्याच्याकडं ढकलली. "घ्या. पर आत चुलीकडं पाऊल टाकायचं न्हाई. बिलकुल न्हाई."

बुरुडाकडून त्यानं बांबूच्या बारीक काड्या तासून आणल्या होत्या. कोंबडीचे सुपारीएवढे तुकडे केले, मध्ये मध्ये पातीच्या कांद्याची पेरं घातली आणि एकेका काडीत ओवली. तुळजाबाई पळी हातात धरून बघत होती. बाजारात कबाबवाले सीख भाजताना तिनं पाहिले होते, पण ते भराभर वारा घालून ठिणग्या उडवत भाजत. हा माणूस शेगडीपुढं उकिडवा बसून एकेक काडी बोटभर फिरवी, थांबे, पुन्हा फिरवी, जसं काही सोनाराचं काम चाललंय. मग गूळ पाण्यात विरघळवून त्यात आपल्या मुलखाहून आणलेल्या बाटलीतलं काळं पाणी ओतलं आणि काड्या त्यात बुचकळून पुन्हा निखाऱ्यावर धरल्या.

"तुमची एक काडी होईस्तोवर माझ्या वीस भाकरी होतेत," ती म्हणाली.

त्याला कळलं नाही. त्यानं एक काडी तिच्यापुढं दोन्ही हातांनी धरली आणि वाट बघत राहिला. तुळजाबाईनं नको म्हणून सांगितलं. तो धरूनच. तिनं पाठ फिरवली. तो धरूनच.

"खा बाई एकदाची," सगुणाबाई आतून ओरडली, "माझा तवा जळून राह्यलाय, तू इकडं ये."

तुळजाबाईनं तुकडा तोंडात टाकला. "गोड! कोंबडीला गूळ लावून कुणी खाल्लंय का आजवर? ना तिखट ना मीठ." काडीवर तीन तुकडे उरले होते. ते बोलता बोलता संपले हे तिच्या लक्षात आलं नाही. सगुणाबाईच्या आलं, पण ती शहाणी होती, पुढची भाकर थापायला लागली.

त्या दिवसापासून तुळजाबाईच्या डोक्याला ताप सुरू झाला. मोरिता रोज दिवस मावळायच्या आधी यायचा. लोकांच्या तोंडी मोरिता बसेना, त्याचं 'मोरे' झालं, आणि पारख करणारा मोरेसाहेब म्हणून सगळा मस्तगड त्याला ओळखू लागला. तुळजाबाई मात्र पाठीमागं मोऱ्याच म्हणे. मोऱ्याला कोळसा एकसारख्या आकाराचा लागे. मोऱ्याला मुळा लागे, तोही कोवळा. मोऱ्या भात शिजवायच्या आधी तांदूळ सात पाण्यांनी धुई आणि रांजण रिकामा करी. काही चुकलं की वाकायचा, बरोबर झालं तरी वाकायचा. ओरडावं तर समोर वाकलेलं डोकं. तिचा राग निघायला वाटच मिळत नसे, तो मग बिचाऱ्या कोळशेवाल्यावर निघे.

पण खरी कटकट पातेल्यापासून सुरू झाली.

थंडी पडली होती. मोरितानं त्याच्या पेटीतून चपलेच्या तळव्यासारखं काळं, वाळकं काहीतरी काढलं. समुद्रातलं शेवाळ आहे, असं नरहररावांनी समजावलं. ते त्यानं पाण्यात टाकलं, पातेलं शेगडीवर ठेवलं आणि ती पेटती शेगडी उचलून थेट जेवणाच्या खणात मधोमध आणून ठेवली. पाणी उकळायला लागल्यावर त्यात कोंबडी, मुळा, पातीचा कांदा, चाकवताची पानं, अंडी, असं एकेक सोडत गेला. धर्मराज नावाचा केदारखेड्याचा गाडीवान जेवून बिडी ओढत बसला होता. मोरितानं त्याला हातानं जवळ बोलावलं. आणखी दोघांना बोलावलं. म्हणाला, हे एकट्यानं खायचं नसतं, पातेल्याभोवती बसून सगळ्यांनी खायचं असतं.

तुळजाबाई आली तेव्हा चार माणसं एका पातेल्यात डोकावत बसली होती.

"उठा! उठा आधी!" ती कडाडली. "एका भांड्यात समद्यांची उष्टी बोटं? माझ्या खानावळीत? उद्या कुणी पाय ठेवल का इतं?"

मोरिता घाबरला नाही. त्यानं आपल्या दोन काड्या वर करून दाखवल्या, ज्यांनी तो जेवायचा त्या. मग त्या उलट्या केल्या. मागच्या टोकानं पातेल्यातला मुळा उचलून धर्मराजच्या वाटीत घातला, काड्या पुन्हा सुलट्या केल्या आणि आपल्या वाटीतलं खाल्लं. खायचं टोक निराळं, वाढायचं टोक निराळं.

"एवढं सोवळं पाळतोय तर मंग पहिलंच सांगायचं," तुळजाबाई पुटपुटली. बाकीच्यांना तिनं एक पळी आणून दिली. "पळीनं वाढून घ्यायचं. बोट घातलेलं दिसलं तर बोट पातेल्यात शिजवीन."

धर्मराजनं तो पांचट रस्सा प्यायला, वर तुळजाबाईचा ठेचा कालवला, पुन्हा प्यायला आणि म्हणाला, "मावशे, बेस लागून राह्यलं. उद्या आमालाबी शेगडी पाहिजे."

आठ दिवसांत खानावळीची रया गेली, असं तुळजाबाईचं म्हणणं. जी माणसं पाव घटकेत उठत ती आता शेगडीभोवती बसून राहू लागली. रस्सा उकळतोय, बोलणं चाललंय, कुणाच्या बैलाला काय झालं, कुणाच्या बहिणीचं कुठं जमलं. मोरिता मध्ये बसून 'हां, हां' करत मान हलवी. त्याला निम्मं समजत नसे, पण त्याच्यासारखं ऐकणारं माणूस गाडीवानांना कुठं मिळणार? ते त्यालाच सगळं सांगत. कोळसा दुप्पट लागू लागला. मागं उभी राहिलेली गिऱ्हाइकं ताटकळून निघून जाऊ लागली. येणारा म्हणे, मावशे, मलाही काडीवरचं दे. तेही हिनंच भाजायचं. निखाऱ्याचे डाग हातावर पडले, लुगड्याच्या पदराला भोक पडलं.

"नरहरराव, ह्या माणसाला परत घेऊन जावा," ती एकदा ओट्यावर जाऊन भांडली. "मी खानावळ चालवून राह्यले का चावडी? समदे बसून राह्यले, कुणी उठंना!"

"सुगी संपली की जातील ते, तुळजाबाई. मी काय करू?"

शेवटी तिनं कायदा केला: शेगडी फक्त जुम्म्याला, शुक्रवारी जिनाला सुट्टी असते त्या दिवशी. बाकी दिवस ताट, आणि ताट संपलं की उठायचं. मोरितानं कायदा ऐकून इतकं खाली डोकं नेलं की चष्मा पडला.

सुगी संपली, तो मुंबईला गेला. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर परत आला, तिसऱ्या वर्षीही आला. पहिल्या शुक्रवारी तो अंगणात दिसला की तुळजाबाई कपाळावर हात मारी. "आली का पीडा!" पण बुरुडाला काड्या सांगून ठेवलेल्या असत, आणि परसात तिनं मुळ्याचा एक वाफा लावलेला असे. मुळा बाजारातच स्वस्त मिळतो, मग वाफा कशाला, असं सगुणाबाईनं विचारलं तेव्हा तिला दिवसभर बोलणी बसली.

त्या तिसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात, आषाढ सरता सरता, भर दुपारी तो अचानक दारात उभा राहिला. हा कापसाचा काळ नव्हे. बाहेर टांगा उभा होता. बरोबर नरहररावही नव्हते.

"बाई, जाता," तो म्हणाला. "मुलुक. जहाज."

"जेवून जावा."

"गाडी," त्यानं स्टेशनाकडं हात केला.

"गाडी गेली तर जाऊ द्या, दुसरी येईल. उपाशी जातेत का कुणी इतकं लांब?" ती आत वळली आणि गूळ घालून दशम्या लाटायला घेतल्या. टांगेवाला बाहेरून हाका मारत होता, तिनं त्याला आतूनच झापलं. मोरिता बूट काढून पाटावर बसून राहिला. सहा दशम्या फडक्यात बांधून तिनं त्याच्या हातात दिल्या. त्यानं पेटीतून त्या काळ्या पाण्याची निम्मी बाटली काढून तिच्यापुढं ठेवली. मग जमिनीवर गुडघे टेकून, दोन्ही हात पसरून, कपाळ फरशीला लावलं.

"उठा, उठा. फरशीला खरकटं हाय," तुळजाबाई म्हणाली.

त्याच हिवाळ्यात जपान इंग्रजांविरुद्ध लढाईत उतरलं. चार-पाच दिवसांनी पोलिसांचे अमीनसाहेब दोन शिपाई घेऊन मस्तगडात आले. जपानी माणूस इथं तीन वर्षं येत होता, काय बोलत होता, काय लिहून घेत होता, कुणाकुणाला भेटत होता, हे त्यांना हवं होतं.

आधी त्यांनी गिऱ्हाइकांना विचारलं. धर्मराज म्हणाला, मी लांबून बघितला असेल. दुसरा म्हणाला, मी तर जेवायला घरीच जातो. ज्यांनी शेगडीशी बसून मांड्या शेकल्या होत्या त्यांतल्या एकालाही मोरेसाहेबाचं तोंड आठवेना. नरहररावांना बोलावणं गेलं. ते टोपी हातात घेऊन खाली बघत म्हणाले, "मालकांनी सांगितलं म्हणून एक-दोनदा दुभाषाचं काम केलं. त्यांची माझी ओळख अशी नव्हती."

तुळजाबाई दारात उभी राहून सगळं ऐकत होती.

"अहो, तुमीच तर हाताला धरून आणलं की त्याला!" ती म्हणाली. मग ती धर्मराजकडं वळली. "अन् तू रं? दर जुम्म्याला त्याच्या मांडीला मांडी लावून बसत होतास ना? लांबून बघितला म्हनं!"

अमीनसाहेबांनी तिला पुढं बोलावलं. "वो जपानी यहाँ क्या करता था?"

"खाता था. अन् माझं डोस्कं खाता था," ती म्हणाली. "ल्ह्या, साहेब. समदं बराबर ल्ह्या. तीन सुगी माझ्याकडं जेवला. मीच जेवू घातला. दुसऱ्या कुणाला पुसू नका, कुणाला काय आठवंना झालंय."

"किस बारे में बात करता था?"

"कोळशाच्या. हा कोळसा मोठा, तो बारीक. मुळा जून निघाला. आग कमी करा. तीन वर्षं दुसरं काय बोलला न्हाई."

"और ये?" शिपायानं फडताळातून काळी बाटली आणली होती. अमीनसाहेबांनी बूच काढून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"खायची चीज हाय. थांबा." तिनं बाटली ओढून घेतली, तळहातावर थोडं ओतलं आणि सगळ्यांसमोर चाटलं. "खारट हाय. चाखून बघायचंय?"

अमीनसाहेबांनी बघितलं नाही. बाटली जप्त झाली. बयान लिहून होत आलं. माणूस कसा होता, एवढा एकच सवाल राहिला होता.

"कटकट्या," तुळजाबाई म्हणाली. मग चिडूनच, "पर माणूस चांगला. हे बी ल्ह्या. ल्हिलं का? वाचून दाखवा." ते ऐकूनच तिनं अंगठा उठवला.

चौकशी पुरी होईपर्यंत म्हणून खानावळीला सील लागलं. सगुणाबाई रडायला लागली. तुळजाबाई रडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ठाण्यात जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी गेली, चौथ्या दिवशी गेली. शिपाई जेवायला बसला की त्याच्या डब्यातली भाजी कशी करपली आहे हे ती त्याला समजावून सांगे. अमीनसाहेब आले की उभी राहून तोच सवाल: "सील कधी काढता?" उद्या, म्हणाले तर म्हणे, "कालबी उद्याच म्हनले होते." नवव्या दिवशी अमीनसाहेबांनी वैतागून शिपायाबरोबर तिला परत धाडलं आणि सील काढून दिलं.

धर्मराज त्याच दुपारी आला. तिनं त्याला वाढलं, पण महिनाभर त्याच्याशी बोलली नाही. ते त्याला शिव्यांपेक्षा जड गेलं. नरहरराव मात्र फिरकले नाहीत. रस्त्यात दिसले तर बाजूच्या बोळात वळायचे.

लढाई संपून वर्ष झालं तेव्हा तुळजाबाईच ऐन दुपारी त्यांच्या घरी जाऊन दारात उभी राहिली. नरहररावांची बायको अरुंधती घाबरून बाजूला झाली.

"नरहरराव, आता जपानला कागद जातेत का?"

"टपाल सुरू झालंय म्हणतात," ते चाचरत म्हणाले. "तुळजाबाई, त्या दिवशी मी... घरात लहान मुलं होती. नोकरी गेली असती."

"मी कुठं काय म्हनले? मोऱ्याच्या कंपनीचा पत्ता तुमच्याकडं आसंल. कागद घ्या."

त्यांनी जुन्या दप्तरातून ओसाकाचा पत्ता शोधला आणि दौत पुढं ओढली. ती उंबऱ्याशी बसून सांगत गेली.

"ल्ह्या. तुमच्यापायी माझी खानावळ नऊ दिवस बंद होती. बाटली पोलिसानं नेली, परत दिली न्हाई. सगुणाबाई फाल्गुनात वारली. धर्मराजचा बैल मेला, त्यानं दुसरा घेतला. लोकं अजून जुम्म्याला शेगडी मागतेत, खर्चा परवडत न्हाई, उठता उठत न्हाईत, लई जीव खातेत. तुमच्या मुलकात आगी लागल्या म्हनून ऐकलं. घरची माणसं खुशाल असतील तर कळवा."

नरहररावांनी इंग्रजीत लिहिता लिहिता मान खाली घातली होती. "आणखी काही?"

"जिते असले तर कळवा, एवढं पहिलं ल्ह्या. बाकीचं मागून."

"वर जागा नाही राहिली."

"मंग दुसरा कागद घ्या की! कागदाला काय रडता?"

त्यांनी दुसरा कागद घेतला आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा लिहिलं. पाकीट तिनं त्यांच्या हाती ठेवलं नाही, स्वतः चालत टपालात नेऊन टाकलं.

वर्षभर ती नरहररावांकडं चौकशी करत राहिली. पुढं हैदराबादेत रझाकारांची धामधूम सुरू झाली, टपालच धड येईना, आणि तिनं विचारणं थांबवलं. उत्तर आलं नाही. मोरिता बोटीतून सुखरूप उतरला का, त्याच्या गावी काय झालं, यातलं जालन्यात कुणालाच कधी कळलं नाही. तुळजाबाई मात्र जुम्म्याला शेगडी पेटवत होती, आणि बसलेली माणसं उठेनात म्हणून तिच्या आवाजानं मस्तगडाची ती गल्ली दुमदुमत होती.